तुम्ही विचारलंत म्हणून: शेखाडीला मी गाडी का थांबवत नाही

दिवेआगरहून श्रीवर्धनला निघालं आणि भरडखोल मागे पडलं की गाडीत प्रश्न येतोच. "ते आरडीएक्स उतरलं ती जागा दाखवा ना! बाकीचे दाखवतात, तुम्हीच का थांबत नाही?" नुसतं नाही म्हटलं तर वाटतं, मी गावाचं काहीतरी झाकतोय.

झाकत नाही. 1968 च्या सुवर्ण नियंत्रण कायद्यानं सोन्याची लगड घरात ठेवणंच गुन्हा ठरवलं. त्या काळात दुबईहून येणारी दहा तोळ्यांची बिस्किटं, चांदी, घड्याळं कोकणच्या खाड्यांतून उतरायची. लँडिंग, म्हणजे चोरटा माल किनाऱ्यावर उतरवणं, हा शब्द इथं पोराटोरांना ठाऊक होता. मासेमारीत महिनाभर राबून सुटत नाही तेवढी रक्कम एका रात्रीच्या हमालीत मिळायची. त्या पैशात लग्नं झाली, होड्यांना इंजिनं बसली. 1990 मध्ये तो कायदा गेला. 1992 पासून परदेशातून येणाऱ्या भारतीयांना शुल्क भरून पाच किलोपर्यंत सोनं आणता येऊ लागलं. चोरट्या सोन्यातला नफा आटला, पण वाटा, ट्रक आणि पैसे घेऊन डोळे मिटणारे तसेच राहिले. फेब्रुवारी 1993 मध्ये त्याच वाटेनं शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स ही स्फोटकं आली. 12 मार्चला मुंबईत झालेल्या बॉम्बस्फोटांत 257 माणसं मारली गेली. खटल्यात 100 जण दोषी ठरले, त्यांत कस्टम्सचे अधिकारी होते आणि पोलीसही होते.

हे सगळं मी चालत्या गाडीत सांगतो. आणि "त्यांचा मोहल्ला कुठला?" असं कुणी विचारलं, तर तिथल्या तिथे सांगतो की हा प्रश्न माझ्या गाडीत चालणार नाही.

पूर्वी मी थांबायचो. गिऱ्हाईक मागतंय तर आपलं काय जातं, असं वाटायचं. मग एकदा पुण्याची तरुण मुलं आली होती. मी नेहमीसारखा समुद्राकडे हात करून सांगत होतो, तेवढ्यात आमच्याच भागातले एक काका आले. स्फोटांनंतर चौकशीला ज्यांना उचललं, त्यांतले हे एक. त्या रात्री ते किनाऱ्यावर नव्हते. आजारी आईजवळ होते, हे अख्ख्या आळीला माहीत. तेच सांगून सांगून त्यांचा घसा बसला होता, तरी सुटून घरी आले ते वेगळेच होऊन. पुढे कित्येक वर्षं कुणी त्यांना होडीवर घेतलं नाही.

मुलांनी त्यांना विचारलं, "काका, तुम्ही होतात का तेव्हा?"

काका म्हणाले, "होतो ना."

आणि त्यांनी दाखवायला सुरुवात केली. होडी कुठे लागली, पाण्यात कुठवर उतरावं लागलं, खोकं खांद्यावर कसं घ्यायचं. मुलांचा थंड पेयांचा डबा उचलून, वाकून, वाळूतून चालून दाखवलं. मुलांनी व्हिडिओ काढला, पुन्हा एकदा चालायला लावलं. काका पुन्हा चालले. मग त्यांनी पाचशेची नोट घेतली.

मुलं गाडीत बसल्यावर मी काकांना बाजूला घेतलं. म्हटलं, "काका, हे काय? नव्हतो म्हणून जन्मभर ओरडलात ना?"

"ओरडलो. कुणी ऐकलं? तू भाडं घेऊन हेच सांगतोस ना? बदनामी माझी झाली, मग कमाई तेवढी तुझी?"

त्यानंतर मी थांबणं बंद केलं. याला तत्त्व म्हणा, नाहीतर पळ काढणं म्हणा. आधीचा मी अजून वाद घालतो, की न थांबून त्या 257 जणांना काय मिळालं? चांदी वाहिलेला हमाल आणि कट रचणारा एकाच तागडीत का तोलायचे? आणि काकांचे पाचशे रुपये तू कोण बुडवणार? पहिल्या दोन प्रश्नांवर मी तासन्‌तास बोलू शकतो. तिसऱ्यावर मला बोलता येत नाही.

तुम्हाला उतरायचंच असेल, तर आधी सांगा, दुसरी गाडी ठरवून देतो. काका संध्याकाळी असतात तिथे. माझ्याशी ते हल्ली बोलत नाहीत.