आई 'ओ', वडील 'ओ' आणि मुलगी 'बी': तुम्ही विचारलेत म्हणून

तीस वर्षे मी एका जिल्ह्याच्या ठिकाणी रक्तपेढीत तंत्रज्ञ म्हणून काम केले. त्यामुळे लग्नाच्या पंगतीत, एसटीच्या प्रवासात आणि एकदा तर दहाव्याला घाटावर बसलेले असतानाही मला एकच प्रश्न विचारला गेला आहे: मुलाचा रक्तगट आई-वडिलांपैकी कोणाशीच जुळत नसेल, तर त्याचा अर्थ काय घ्यायचा? विचारणारी व्यक्ती बहुधा आवाज खाली आणते आणि "आमच्या ओळखीत एक कुटुंब आहे" अशी सुरुवात करते. ओळखीतले ते कुटुंब पुष्कळदा स्वतःचेच असते, हे मला आता सवयीने कळते.

दहापैकी नऊ वेळा उत्तर सोपे असते. आई 'ए', वडील 'बी' आणि मुलगा 'ओ' असेल तर त्यात नवल काहीच नाही. रक्तगटाचे जनुक प्रत्येकाकडे दोन प्रतींत असते, एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून. 'ए' गटाच्या माणसाच्या दुसऱ्या प्रतीत 'ओ' दडलेला असू शकतो, कारण 'ए' किंवा 'बी' समोर असताना 'ओ' दिसत नाही. दोघांनीही आपापली दडलेली 'ओ' प्रत दिली की मूल 'ओ' गटाचे होते. अशा जोडप्याला चारही गटांची मुले होऊ शकतात. उरलेल्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत जुने कार्ड चुकलेले असते. दोघांचीही नव्याने तपासणी केली की प्रश्न मिटतो.

मात्र एकदा माझ्यासमोर आलेला प्रश्न असा मिटण्यासारखा नव्हता. बारा वर्षांच्या एका मुलीची शाळेत तपासणी झाली आणि तिच्या कार्डावर 'बी पॉझिटिव्ह' असे लिहून आले. वडील 'ओ' होते आणि आईच्या बाळंतपणाच्या कागदांवरही 'ओ' असेच लिहिलेले होते. आई-वडील दोघेही 'ओ' असतील तर मूल 'ओ'च असले पाहिजे, हे दहावीच्या पुस्तकातले गणित त्या घरात कोणीतरी मोठ्याने करून दाखवले होते, आणि त्यानंतरचे काही महिने त्या बाईंनी कसे काढले असतील याची कल्पना मी न सांगताही येईल. त्या एकट्या आल्या नव्हत्या. नवरा, मुलगी आणि सासूबाई सोबत होत्या, आणि चौघेही बाकावर एकमेकांपासून अंतर ठेवून बसले होते.

बाळंतपणाच्या वेळची तपासणी कुठल्याशा इस्पितळात घाईघाईने, केवळ काचपट्टीवर झालेली होती. काचपट्टीवर रक्ताच्या दोन थेंबांत निळे अँटी-ए आणि पिवळे अँटी-बी ही द्रावणे (पहिले 'ए'च्या आणि दुसरे 'बी'च्या पेशींच्या गुठळ्या करते) मिसळायचे आणि गुठळ्या कुठे होतात ते पाहायचे, एवढीच ती पद्धत. दोन्हीकडे गुठळ्या झाल्या नाहीत की 'ओ' असे लिहून मोकळे व्हायचे. रक्तपेढीत आम्ही याच्या उलट बाजूनेही तपासतो, त्याला रिव्हर्स ग्रुपिंग म्हणतात. रुग्णाचे सीरम, म्हणजे पेशी बाजूला काढल्यावर उरणारा रक्ताचा पातळ भाग, तीन नळ्यांत घेऊन त्यांत अनुक्रमे माहीत असलेल्या 'ए', 'बी' आणि 'ओ' गटाच्या लाल पेशी घालतात. यांतली 'ओ'ची नळी खरे तर खात्रीपुरती असते, तीत काहीही घडता कामा नये. सेंट्रिफ्यूजमधून नळी काढली की तळाशी पेशींची लाल टिकली बसलेली असते आणि नळीला अलगद टिचकी मारताच ती धुरासारखी वर सुटत विरून जाते. त्या बाईंच्या 'ओ'च्या नळीतली टिकली विरली नाही. ती एका अखंड तुकड्यासारखी सुटली आणि सीरममध्ये तशीच तरंगत राहिली. त्यांचेच सीरम आणि त्यांच्याच पेशी घातलेली नळी मात्र स्वच्छ होती. म्हणजे त्यांचे रक्त स्वतःच्या पेशींना सहन करत होते, पण दुसऱ्या कोणत्याही 'ओ' माणसाच्या पेशी त्याला चालत नव्हत्या. जे रक्त 'ओ'लाच परके मानते, ते 'ओ' असणार कसे?

या रक्ताचे नाव आपल्याच राज्यातल्या शहरावरून पडले आहे. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे रक्त प्रथम ओळखले आणि त्याचे वर्णन 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात केले. जगभर त्याला 'बॉम्बे' रक्तगट म्हणतात, आणि शहराचे नाव बदलले तरी रक्तगटाचे तसेच राहिले आहे.

घोटाळा कुठे होतो, हे समजण्यासाठी लाल पेशीच्या पृष्ठभागाकडे पाहावे लागते. 'ए' किंवा 'बी' हे पेशीवरचे साखरेचे कण आहेत, पण ते थेट पेशीवर बसत नाहीत. आधी तिथे 'एच' नावाचा एक पाया घातला जातो आणि त्यावर 'ए'चे विकर (एन्झाइम) एक साखर जोडते, तर 'बी'चे विकर दुसरी. 'ओ' गटाच्या माणसाकडे यांपैकी कोणतेच विकर चालत नाही, म्हणून त्याच्या पेशीवर नुसताच पाया दिसतो. बॉम्बे गटाच्या माणसाकडे तो पायाच नसतो. त्याच्याकडे 'ए'चे किंवा 'बी'चे जनुक धडधाकट असले, विकरही तयार होत असले, तरी साखर चढवायला जागा नाही. काचपट्टीवर तो 'ओ' दिसतो आणि पुढच्या पिढीला मात्र 'बी' देतो. त्या मुलीला वडिलांकडून पाया घालणारे चांगले जनुक मिळाले होते, म्हणून आईच्या पेशीवर कधीच न दिसलेला 'बी' लेकीच्या पेशीवर दिसू लागला. १९५५ साली अमेरिकेत फिलिप लेविन यांनी अभ्यासलेल्या एका कुटुंबात नेमके हेच आढळले होते. तिथेही 'ओ' दिसणाऱ्या आईने स्वतःत न दिसणारा 'बी' मुलीला दिलेला होता.

दहावीच्या पुस्तकातले गणित तरीही खोटे नाही, आणि ते कसे सापडले ही गोष्ट मला फार आवडते. लँडस्टायनर यांनी रक्तगट शोधले १९०० च्या सुमारास, आणि ते आनुवंशिक आहेत हे १९१० साली फॉन डुंगर्न आणि हिर्झफेल्ड यांनी दाखवले. परंतु तेव्हा समजूत अशी होती की 'ए' आणि 'बी' ही दोन स्वतंत्र जनुके आहेत. तसे असते तर 'एबी' बापाला 'ओ' मूल सहज झाले असते. १९२४ साली ग्यॉटिंगेनच्या फेलिक्स बर्नस्टाइन या गणितज्ञाने स्वतः एकही नळी न हलवता, निरनिराळ्या देशांतल्या लोकांमध्ये कोणता रक्तगट किती प्रमाणात आढळतो याचे इतरांनी जमवलेले आकडे घेतले आणि दाखवून दिले की ते दोन जनुकांच्या हिशेबात बसतच नाहीत, तर एकाच जागी तीन पर्याय मानले की नेटके बसतात. त्यानंतर 'एबी'ला 'ओ' होत नाही हा नियम पितृत्वाच्या खटल्यांतही वापरला जाऊ लागला. बर्नस्टाइन यांचे चुकले नव्हते. दुसरे एक जनुक या पहिल्याचे तोंड बंद करू शकते, हे तोवर कोणाला ठाऊकच नव्हते.

ही जनुके नेमकी कुठे आहेत हे कसे कळले, असेही काही जण पुढे विचारतात. त्याची युक्ती १९१३ सालची आहे. न्यूयॉर्कमध्ये मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत फळमाश्यांवर काम करणाऱ्या आल्फ्रेड स्टर्टेव्हंट या विद्यार्थ्याच्या लक्षात आले की एकाच गुणसूत्रावरची दोन जनुके शेजारी-शेजारी असतील तर ती पुढच्या पिढीत बहुधा जोडीनेच जातात आणि लांब असतील तर त्यांची ताटातूट वारंवार होते. म्हणजे ताटातूट किती वेळा होते हे मोजले की अंतर कळते. या हिशेबावर त्याने जनुकांचा पहिला नकाशा काढला. माणसांच्या बाबतीत जोड्या आपण लावू शकत नाही, त्यामुळे आहेत तीच कुटुंबे शोधून त्यांत मोजणी करावी लागते. १९५५ साली इंग्लंडमध्ये रेनविक आणि लॉलर यांनी, नखे खुरटी आणि गुडघ्याच्या वाट्या लहान असण्याचा एक आनुवंशिक विकार असलेली कुटुंबे तपासली. त्यांना दिसले की हा विकार रक्तगटाच्या जनुकाबरोबर पिढ्यानपिढ्या प्रवास करतो. एका कुटुंबात तो 'ए'बरोबर जात होता तर दुसऱ्यात 'बी'बरोबर, परंतु सोबत सहसा सुटत नव्हती. पुढे या दोघांचा पत्ता नवव्या गुणसूत्रावर लागला.

१९९० साली यामामोटो आणि सहकाऱ्यांनी रक्तगटाचे जनुक अक्षर न् अक्षर वाचले, तेव्हा मी नोकरीत नवीन होते आणि ती बातमी वाचून मला थोडे हसूच आले होते. 'ए'चे विकर आणि 'बी'चे विकर यांच्यात साडेतीनशेवर अमिनो आम्लांपैकी अवघ्या चारांचा फरक निघाला. 'ओ'च्या नेहमीच्या प्रकारात तर एवढेच झाले होते की २६१ व्या जागेवरचे एक अक्षर गळले होते. जनुक तीन-तीन अक्षरांच्या शब्दांत वाचले जाते. 'कमळ बदक पवन सरळ' यातला फक्त 'म' काढून पुन्हा तीन-तीन अक्षरे जुळवली तर 'कळब दकप वनस रळ' एवढेच उरते. त्या विकराचेही तेच होते, थोडे पुढे जाऊन ते अर्धवटच थांबते.

बॉम्बे गटाचे जनुक मात्र नवव्या गुणसूत्रावर नसून एकोणिसाव्यावर आहे. त्याचे नाव एफयूटी-१, आणि त्याला अगदी खेटून त्याचेच भावंड म्हणावे असे एफयूटी-२ आहे. पहिले लाल पेशीवर 'एच'चा पाया घालते, तर दुसरे तोच पाया लाळेसारख्या स्रावांत घालते. भारतीय बॉम्बे गटात एफयूटी-१ मधले ७२५ वे अक्षर बदललेले असते आणि त्याच गुणसूत्रावरचे एफयूटी-२ जवळजवळ सगळेच गळालेले असते. दोन्ही दोष खेटून असल्यामुळे त्यांची ताटातूट होत नाही. स्टर्टेव्हंटने माश्यांत मोजले तेच इथे माणसात, सीरममध्ये आणि लाळेत एकाच वेळी दिसते: त्या बाईंच्या लाळेतही 'एच' नव्हता. एकमेकांना न ओळखणाऱ्या भारतीय कुटुंबांमध्ये दोषांची हीच जोडी सापडते. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर गेलेल्या भारतीय मजुरांच्या वंशजांतही हीच जोडी आढळली आहे, आणि त्याच बेटावरच्या युरोपीय वंशाच्या लोकांतला सौम्य दोष मात्र वेगळ्या अक्षराचा आहे. एकच जोडी इतक्या जणांत असण्याचा सरळ अर्थ हा की फार पूर्वी कोणा एका पूर्वजात ती घडली आणि तिथून पसरत गेली.

आपल्याकडे हा गट साधारण दहा हजारांत एकाचा मानतात, आणि युरोपात दहा लाखांत एकाचा. दहा हजारांत एकाकडे दोन्ही प्रती सदोष आहेत याचा अर्थ, एकूण प्रतींपैकी शंभरातली एक सदोष आहे, म्हणजेच सुमारे पन्नास माणसांत एकजण ती दडवून फिरतो आहे. त्याला स्वतःला काहीच होत नाही. परंतु मामाची मुलगी करण्याची चाल जिथे आहे, तिथे नवरा-बायकोला ती प्रत एकाच आजी-आजोबांकडून मिळण्याची शक्यता वाढते. हिशेब केला तर अशा जोडप्याच्या मुलात हा गट येण्याचे प्रमाण दहा हजारांत एक न राहता चौदाशेत एकाच्या आसपास जाते. त्या बाईंना मी विचारले तेव्हा त्यांच्या वडिलांनी मामाचीच मुलगी केली होती असे कळले. यात लाज वाटण्यासारखे काही नाही, फक्त ते डॉक्टरांना सांगावे, एवढेच मी त्यांना म्हटले.

मुंबईच्या संदर्भ प्रयोगशाळेतून अहवाल आला तेव्हा सगळ्यांना पुन्हा बोलावले. जनुकीय तपासणीत आईच्या नवव्या गुणसूत्रांच्या जोडीत एका प्रतीवर 'बी' आणि दुसऱ्यावर 'ओ' असल्याचे स्पष्ट लिहिले होते. मुलीने तो कागद दोनदा वाचला आणि वडिलांकडे दिला. वडील बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले, मग त्यांनी तो घडी न घालता बायकोच्या हातात ठेवला.

बाईंच्या भावंडांचीही तपासणी केली, कारण अशा माणसाला 'ओ' रक्त चढवले तर त्याच्या अंगातली प्रतिपिंडे त्या पेशी फोडून टाकतात आणि त्याला केवळ बॉम्बे गटाचेच रक्त चालते. प्रत्येक सख्ख्या भावंडात तो गट असण्याची शक्यता चारांत एक असते. दोन भाऊ आणि एक बहीण आले, त्यांपैकी धाकट्या भावाच्या 'ओ'च्या नळीतली टिकलीही तशीच अखंड सुटली. त्याचे नाव आम्ही रजिस्टरात लाल शाईने लिहिले.

सासूबाई आतापर्यंत गप्प होत्या. निघताना त्या माझ्या टेबलापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "बाई, उद्या नातीला रक्त लागलं तर बी चालेल ना?" मी म्हटले, "चालेल, आजी. तिला साधं बी चालेल. पण सुनेला नातीचं चालणार नाही, तिला तिच्या भावालाच बोलवावं लागेल." त्यांनी मान डोलावली, आणि भावाचा फोन नंबर सुनेकडून एका चिठ्ठीवर लिहून घेतला.