मॅक्लस्कीनंतरचा ‘कर्सेस’

वेल्समधील कार्डिफ शहराच्या मॅक्लस्की या रॉक बँडने २००५ च्या सुरुवातीला गाशा गुंडाळला, तेव्हा अमेरिकी ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनी यांनी ध्वनिमुद्रित केलेल्या २००२ च्या ‘मॅक्लस्की डू डॅलस’ या अल्बमने झपाटून गेलेल्या माझ्यासारख्या श्रोत्यांना फार चुटपुट लागली. पुढे त्यातील गायक-गिटारवादक अँडी फाल्कस आणि ड्रमर जॅक एगलस्टोन यांनी जारक्रू या बँडमधील केल्सन मथायस यांना सोबत घेऊन ‘फ्यूचर ऑफ द लेफ्ट’ हा नवा बँड उभा केला, आणि २००७ मध्ये ‘टू प्युअर’ या रेकॉर्ड कंपनीतर्फे त्यांचा ‘कर्सेस’ हा पहिला अल्बम आला.

या अल्बममधला गोंगाट कानठळ्या बसवणारा असला, तरी तो बेशिस्त मुळीच नाही. बास गिटारचा आवाज इतका जाड आणि फाटका ठेवला आहे, की गिटार थांबली तरी पोकळी जाणवत नाही. ‘मॅनकॅझम’मध्ये तर कीबोर्डवरची एक खरखरीत सुरावट हट्टाने पुन्हा पुन्हा येत राहते, ड्रम तिला पुढे रेटतात आणि अखेरीस गाणाऱ्यांचे आवाज एकमेकांवर चढत जातात. (हे गाणे हेडफोनवर नव्हे, मोठ्या स्पीकरवरच ऐकावे.) एवढ्या आरडाओरड्यानंतर शेवटी येणारे, पियानोच्या आधाराने चालणारे ‘द कॉन्ट्रेरियन’ मला या अल्बममधले सर्वांत धाडसी गाणे वाटते.