नाशिकमध्ये सायकल मेकॅनिकचं काम मी कसं शिकलो

सातपूरला आयटीआयमधून फिटर झालो. अंबड एमआयडीसीत दीड वर्ष कॉन्ट्रॅक्टवर काढलं, मग कॉन्ट्रॅक्ट संपलं. सायकलचं वेड शाळेपासूनचं, म्हणून ठरवलं की आता यावरच पोट भरायचं.

आधी कोर्स शोधला. आयटीआयला मोटार मेकॅनिक आहे, डिझेल मेकॅनिक आहे, पण सायकलचा ट्रेड मला कुठे सापडला नाही. २०२३ साली कारागिरांसाठी केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना आली, तिची यादी आशेने वाचली. सुतार, लोहार, शिंपी, चांभार असे १८ व्यवसाय, आणि त्यात सायकल दुरुस्ती नाही. वाईट वाटलं. गावोगावी झाडाखाली बसून आयुष्यभर सायकली दुरुस्त करणारी माणसं कारागीर नाहीत का? ब्रिटनमध्ये सायटेक नावाचं याच कामाचं पायरीपायरीचं प्रशिक्षण आहे, पण तिकडे जाण्याची माझी ऐपत नव्हती.

म्हणून पंचवटीतल्या अण्णांकडे गेलो. त्यांचं दुकान म्हणजे पत्र्याची टपरी आणि पंक्चर काढायचं घमेलं. म्हणाले, "पगार नाही देऊ शकत. रोजचे शंभर रुपये आणि चहा. पण हात बसेल तुझा."

पहिला महिना फक्त पंक्चर आणि छर्रे बदलणं. मग एक दिवस त्यांनी मोडीतलं चाक माझ्यासमोर टाकलं, "याचा आऊट काढ." म्हणजे डगडगत फिरणारी रिंग सरळ कर. चाक सायकलच्या चिमट्यात (फोर्कमध्ये) अडकवून फिरवायचं आणि रिंगेजवळ खडू धरायचा. रिंग जिथे बाहेर येते तिथे खडूची रेघ उठते. रेघ डावीकडे उठली तर तिथल्या उजव्या बाजूच्या तारांचे निपल (तारेच्या टोकाची छोटी नट) पाव फेरा आवळायचे, डावीकडचे पाव फेरा सोडायचे. मी घाईत एकच तार आवळत सुटलो आणि चाक जागेवर आठासारखं झालं. अण्णा रागावले नाहीत. त्यांनी तारा बोटाने छेडून दाखवल्या. एका बाजूच्या तारांचा आवाज सारखा आला पाहिजे, बद्द वाजते ती ढिली. तेच चाक मी अकरा दिवस रोज बिघडवून सरळ करत होतो. आजही ताण आधी कानाने बघतो, मग ताण मोजायचं मीटर लावतो.

सहा महिन्यांनी गिअरच्या सायकली विकणाऱ्या एका मोठ्या दुकानात लागलो, पगार ९,०००. तिथे शिकवणारं कोणी नव्हतं. तीन महिने नुसती खोक्यातल्या सायकलींची जोडणी. मग एका गिऱ्हाइकाची बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पेडलचे दांडे ज्यावर फिरतात ती फ्रेममधली बेअरिंग, काढायला दिली. नेहमीच्या पद्धतीच्या फ्रेमला ती बेअरिंग धरणाऱ्या उजवीकडच्या कपाला उलटे आटे असतात, सोडवायला घड्याळाच्या दिशेने फिरवावं लागतं. मला ते माहीत नव्हतं. पान्यात पाइप घालून जोर लावला, तो सगळा आवळायच्या दिशेने! कपाच्या खाचा गेल्या, फ्रेमचा रंग उडाला. पगारातून २,२०० कापले गेले. पैशापेक्षा त्या काकांचा चेहरा जास्त लागला, सायकल त्यांनी हौसेने घेतली होती.

त्या रात्रीपासून वाचायला लागलो. गिअर-ब्रेक बनवणाऱ्या शिमानो कंपनीची डीलर मॅन्युअल्स नेटवर फुकट आहेत, सायकलची हत्यारं बनवणाऱ्या पार्क टूलचे व्हिडिओ आहेत. इंग्रजी अडायचं, पण आकृती आणि कुठला बोल्ट किती आवळायचा ते न्यूटन-मीटरचे आकडे कळायचे. शिमानोच्या तेलावर चालणाऱ्या डिस्क ब्रेकला मिनरल ऑइलच लागतं, मोटारगाड्यांच्या ब्रेकचं डॉट फ्लुइड घातलं तर आतली सीलं खराब होतात, हे तिथेच कळलं. फिटरची स्टीलपट्टीही कामाला आली. चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरल्या पाहिजेत. १/१६ इंच जास्त भरलं की चेन बदलायची, नाहीतर ती मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्याही खाते.

काम आहे का, हे मला सगळे विचारतात. आहे. नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या टीमने अमेरिका आडवी पार करायच्या सायकल शर्यतीचं, म्हणजे रेस अॅक्रॉस अमेरिकाचं जवळपास ४,८०० किलोमीटरचं अंतर पूर्ण केलं. त्यांच्यासारखे लांब पल्ल्याचे सायकलस्वार इथे आहेत, पंढरपूरची सायकल वारी करणारे आहेत. बीआरएम नावाच्या लांब पल्ल्याच्या राईड असतात, त्यातली २०० किलोमीटरची साडेतेरा तासांत संपवावी लागते, त्यामुळे राईडच्या आधी दोन दिवस दुकानात उभं राहायला जागा नसते. पावसाळ्यात त्र्यंबक रोडचा चिखल बेअरिंगमध्ये जातो, ते काम वेगळं. पण फक्त पंक्चर काढता येणाऱ्याला महिना काढणं कठीण जातं, हेही खरं.

दुकानात पगार १७,००० पर्यंत गेला, तेव्हा बाहेर पडलो. मुद्रा कर्ज योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं. तीन हेलपाटे झाले आणि ४०,००० मंजूर झाले. चाक सरळ करायचा ट्रूइंग स्टँड, ठरलेल्या जोराने आवळायचा टॉर्क पाना, चाकाच्या आसासाठीचे पातळ कोन पाने, डिस्क ब्रेकमधली हवा काढायचं ब्लीड किट घेतलं. तेव्हा १० पेक्षा कमी कामगार असले की शॉप अॅक्टला ऑनलाइन सूचना पुरायची, त्यामुळे तिथे अडलं नाही. मखमलाबाद नाक्याजवळ अर्धा गाळा भाड्याने घेतला.

सध्या संध्याकाळी मल्टिमीटर घेऊन ई-सायकल शिकतोय. मागच्या चाकात मोटर असली की साध्या पंक्चरसाठी चाक काढायचं झालं तरी आधी वायरचा कनेक्टर सोडवावा लागतो, म्हणून पुष्कळ जण हातच लावत नाहीत. गेल्या आठवड्यात अशा दोन सायकली आल्या, दोन्ही दुसरीकडून परत पाठवलेल्या.