ट्रेलर कुठे टेकवायचा?

गाडीमागे ओढायचं घर, म्हणजे ट्रेलर, घेतला की वाटायला लागतं, आता काय, कुठेही जाऊ. चूल सोबत, अंथरूण तयार, मन मानेल तिथे मुक्काम. मोंटानातलं ग्लेशियर नॅशनल पार्क हा समज एका आकड्यात मोडीत काढतं: २१ फूट. पार्कच्या मधोमध पूर्व-पश्चिम जाणारा ‘गोइंग टू द सन’ रस्ता १९३२ साली पूर्ण झाला. कडा फोडून काढलेला हा रस्ता त्या काळातल्या गाड्यांच्या मापाचा आहे. त्याच्या वरच्या टप्प्यात, ॲव्हलांच कॅम्पग्राउंड आणि राइझिंग सनची पिकनिकची जागा यांच्या दरम्यान, २१ फुटांहून लांब किंवा ८ फुटांहून रुंद वाहनाला बंदी आहे. लांबी बंपरसकट मोजायची, रुंदी आरशांसकट. आणि लांबी एकट्या ट्रेलरची नव्हे, ओढणारी गाडी धरून. आमचा पिकअप एकटाच या मापात जेमतेम बसतो, तर मागच्या घराची काय कथा!

त्यामुळे इथे कॅम्पग्राउंड निवडायचं म्हणजे आधी डोंगराची बाजू निवडायची. पश्चिमेला ॲपगार आणि फिश क्रीक, पूर्वेला सेंट मेरी, राइझिंग सन, मेनी ग्लेशियर, टू मेडिसिन. मधे ६,६४६ फुटांवर लॉगन पास ही खिंड, तिथून ट्रेलर पलीकडे जात नाही. न्यायचाच असेल तर दक्षिणेकडून हायवे २ ने मरायस पास ओलांडून, ब्राउनिंग गावावरून वळसा घेत वर यायचं. नकाशावर हायवे ४९ चा जवळचा रस्ता दिसतो, पण तो इतका वळणावळणाचा आहे की लांब गाड्यांनी त्याच्या नादी लागू नये. सुट्टी जूनच्या मध्यात असेल तर आणखीच पंचाईत. वरचा बर्फ काढून रस्ता पूर्ण खुला व्हायला बऱ्याचदा जूनअखेर नाही तर जुलै उजाडतो. तोवर ट्रेलर सोडून नुसती गाडी घेऊन निघालात तरी त्या रस्त्याने पलीकडे जाता येत नाही.

बाजू ठरली की प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो, “तळ्याकाठी जागा मिळेल का?” मला हा प्रश्न तितकासा पटत नाही. तळं बघायला दिवस पडलेला असतो, आणि दिवसा आपण कॅम्पग्राउंडवर असतोच कुठे? तिथे आपण असतो तिन्हीसांजेपासून दुसऱ्या दिवशीच्या चहापर्यंत. त्या वेळेत देखाव्यापेक्षा इतर गोष्टी जास्त जाणवतात: गारठा किती, वारा कुठून, शेजारचा जनरेटर कसला आहे. शिवाय लेक मॅकडोनाल्डच्या अगदी काठावरच्या स्प्रेग क्रीकला ओढून आणलेली वाहनं चालतच नाहीत, आणि बोमन आणि किंटला या सुंदर तळ्यांकडे जाणारे कच्चे रस्ते ट्रेलरचे खिळे ढिले करतील असे. म्हणजे तळ्याचा हट्ट धरला तरी तो पुरवणारी जागा विरळाच.

खरा पेच विजेचा. पार्कच्या आतल्या एकाही कॅम्पग्राउंडात हूकअप नाही. ना वीज, ना नळ, ना सांडपाण्याची जोडणी. हूकअप हवेच असतील तर पार्कबाहेर, वेस्ट ग्लेशियर किंवा सेंट मेरी गावाकडे, खाजगी कॅम्पग्राउंड आहेत. तिथे वीज भरपूर आणि शेजारीही भरपूर. आत राहायचं तर सगळी मदार बॅटरीवर. दिवे, पाण्याचा पंप यांचा खर्च किरकोळ असतो. बॅटरी संपवतो तो फर्नेस. जळतो प्रोपेनवर, पण गरम हवा खोलीत ढकलणारा पंखा बॅटरीवर चालतो, आणि डोंगरातल्या रात्री तो ऑगस्टमध्येसुद्धा घरघरत बसतो. जनरेटर लावायचा तर तो ठरावीक तासांत आणि ठरावीक ठिकाणीच. मग उरतं ऊन. इथे आमच्या घरात दोन पक्ष पडतात.

“काय झाडी आहे बघ!” फिश क्रीकचे फोटो बघून नवरा म्हणतो.

“झाडी आहे म्हणजे ऊन नाही. सोलर पॅनेल काय शोभेला?”

“अगं, ऊन खायला मोंटानात जातोय का आपण?”

मुद्दा त्याचाही बरोबर आहे. पश्चिम बाजूला पाऊस जास्त, म्हणून तिथे सीडर आणि हेमलॉकचं घनदाट रान. भर दुपारी ट्रेलर गार राहतो, शेजारीही झाडांमागे झाकले जातात. सेंट मेरीला उघडं माळरान, समोर डोंगरांची रांग, पॅनेलला हवं तितकं ऊन. आणि सोबत असा वारा की खुर्च्या रांगायला लागाव्यात. मला तो वारा परवडतो, त्याला अंधार परवडतो. अस्वलांच्या बाबतीत मात्र दोन्ही बाजू सारख्याच. बाहेर टेबलावर तेलकट शेगडीसुद्धा ठेवायची नाही, सगळं आत. भिंती टणक असलेला ट्रेलर या कामाला उत्तम, कापडी भिंतींचा चालत नाही.

जागेचं माप हे आणखी एक प्रकरण. मॉडेलच्या नावात २२ असलं म्हणून ट्रेलर २२ फूट असतोच असं नाही. गाडीला जोडायची पुढची जीभ धरली की तीन-चार फूट सहज वाढतात, आणि ते फूट विक्रेता कधी बोलून दाखवत नाही. मेनी ग्लेशियरला तर मोठ्या ट्रेलरच्या जागा मोजक्याच. त्यातून रिव्हर्स घ्यायचा असतो. तो मी घेते, नवरा मागे उभा राहून हातवारे करतो. म्हणून बुकिंग करताना मी नकाशात वळणाच्या डाव्या हाताची जागा शोधते. स्टिअरिंग डावीकडे, म्हणून ट्रेलरचं बूड माझ्याच खिडकीतून दिसतं आणि हातवाऱ्यांवर विसंबावं लागत नाही. (त्याच्या हातवाऱ्यांत ‘थांब’ आणि ‘ये’ यांत फारसा फरक नाही.) जागेच्या मागे झाड नसेल तर ट्रेलरची शेपटी थोडी मागे लोंबली तरी चालते, तेही फोटोत बघून घ्यायचं.

बुकिंग सहा महिने आधी उघडतं, आणि चांगल्या जागा चहा ओतेपर्यंत गेलेल्या असतात. म्हणून भांडण आधीच मिटवावं लागतं. या वर्षी तोडगा असा निघालाय: सुरुवातीला फिश क्रीक, त्याच्या झाडीत, मग निघताना डम्प स्टेशनवर सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करून, ब्राउनिंगच्या वळशाने सेंट मेरी, माझ्या उन्हात. पोचल्यावर हौसेने ऑनिंग, म्हणजे ट्रेलरचं बाहेर उघडणारं कापडी छप्पर, उघडायचं नाही, वारा ते उचकटून नेईल, हे नवऱ्याला मी आत्ताच बजावून ठेवलंय. त्याने ऐकल्यासारखं केलंय.