आमची वाटचाल: शिकारीच्या बंदुकीपासून जुन्या पिस्तुलाच्या तपासणीपर्यंत

आमचं दुकान कोल्हापुरात. 1962 साली शस्त्र कायदा अमलात आला, त्यानंतर काही वर्षांनी वडिलांनी विक्रीचा आणि दुरुस्तीचा परवाना काढला. तेव्हा पिस्तूल हा आमचा धंदाच नव्हता. बाराबोरच्या एकनळी-दुनळी बंदुका, खडकीच्या कारखान्याची काडतुसं, आणि रानडुकरांनी पीक लोळवलं म्हणून पीक संरक्षणाचा परवाना घेऊन राधानगरी, गगनबावड्याकडून येणारे शेतकरी. शिकारीचे शौकीन वेगळे. ते गाडी दारात लावून दोन-दोन तास गप्पा मारायचे. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं ती शिकार थांबली आणि तो सगळा वर्ग पाठमोरा झाला. दुकान तगलं ते दुरुस्तीवर, म्हणजे आमच्या मिस्त्रीचाचांच्या हातावर.

पुढे ऐंशीच्या दशकात खासगी माणसाला परदेशी शस्त्र आयात करणं बंद झालं. जी वॉल्थर, वेब्ली, ब्राउनिंग ह्या परदेशी कंपन्यांची पिस्तुलं त्याआधी देशात आली, तेवढीच राहिली. नळीच्या मापालाही बंधन: सामान्य परवानाधारकाला 9 मिमी चालत नाही, .38 चालत नाही, .45 चालत नाही. म्हणून सगळ्यांचा डोळा .32 वर (माप इंचात). परदेशी .32 पिस्तूल लाखांत विकलं जाऊ लागलं, काही वेळा इथल्या सरकारी कारखान्याच्या नव्या मालापेक्षाही महाग. पन्नास-साठ वर्षांपूर्वीची वस्तू, तीन-चार मालक पाहिलेली, आणि घेणारा विचारतो: "मालक, अजून किती वर्षं जाईल हे?"

ह्या एका प्रश्नावर आमचा आजचा धंदा उभा आहे.

कायद्यानं एक सोय आपसूक केली आहे. परवानाधारकानं आपलं शस्त्र दुसऱ्या परवानाधारकाला विकायचं, तर आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि 45 दिवस थांबायचं. पूर्वी हे दिवस नुसते वाट बघण्यात जायचे. आम्ही सांगायला लागलो की ह्या दिवसांत शस्त्र आमच्याकडे आणा, रजिस्टरला नोंद करू, उघडून बघू आणि काय दिसलं ते लिहून देऊ. विकणाऱ्यांना हे सुरुवातीला मुळीच आवडलं नाही. "आमच्या शब्दावर विश्वास नाही का?" असं तोंडावर विचारणारे भेटले. आता घेणाराच ती चिठ्ठी मागतो.

सांगण्यासारखी गोष्ट ही, की आमच्या भागातलं पिस्तूल गोळ्या झाडून झिजत नाही. चांगल्या नळीचं आयुष्य हजारो गोळ्यांत मोजतात. आपल्याकडे काडतुसांना परवान्यावर मर्यादा, शिवाय ती महाग. बऱ्याच मालकांनी उभ्या जन्मात चार-दोन डबे संपवलेले नसतात. मग शस्त्र खराब कशानं होतं? पावसानं, घामानं, चामड्याच्या म्यानानं, आणि मालकाच्या प्रेमानं.

प्रेमाचं आधी सांगतो. दसऱ्याला शस्त्रपूजा होते, ती झालीच पाहिजे. पण पिस्तुलावर हळद-कुंकू वाहून, वर फुलानं पाणी शिंपडून ते तसंच कपाटात ठेवलं जातं. दिवाळीनंतर आमच्याकडे येणाऱ्या पिस्तुलांची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढली की आत लाल चिखल दिसतो. कुंकू ओल धरतं, स्लाइडच्या खाचेत बसतं, आणि त्याच्याखाली गंजाची रेघ उमटते. त्यावर उपाय म्हणून घरात जे असेल ते तेल ओतलेलं असतं, बहुतेक वेळा खोबरेल. थंडीत ते थिजतं, वर्षभरात त्याचा चिकट थर होतो आणि काडतुसावर आदळणारी पिन आपल्या भोकातच अडखळायला लागते. पूजा कागदावर ठेवून करा, गंध लाकडी मुठीला लावा, आणि त्याच रात्री कोरड्या फडक्यानं पुसून शिवणयंत्राच्या तेलाचा हलका हात फिरवा. देव रागावत नाही.

तपासणीला घेतलं की पहिलं काम मॅगझिन, म्हणजे मुठीतली काडतुसांची पेटी, काढणं. मग स्लाइड मागे ओढून चेंबर, म्हणजे नळीच्या मागचा काडतुसाचा खण, डोळ्यांनी बघायचं आणि बोटानंही चाचपायचं. विकणारा "रिकामंच आहे" म्हणाला तरी हे चुकत नाही. नंतर परवान्यावरचा नंबर आणि शस्त्रावरचा नंबर ताडून बघतो. नंबर घासलेला, खोदून बदललेला वाटला तर पुढचं काहीच होत नाही. तो विषय पोलिसांचा. बेल्जियममधल्या लिएजची किंवा इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमची चाचणीची खूण आहे का, अक्षरांच्या कडा तीक्ष्ण आहेत का, तेही त्याच वेळी बघून होतं.

बाहेरच्या रंगाला आम्ही फार किंमत देत नाही. तोंडाजवळचा रंग उडाला असेल तर तो म्यानात घालून-काढून उडालेला असतो, त्याचा झाडलेल्या गोळ्यांशी संबंध नाही. उलट साठ वर्षांचं पिस्तूल आरशासारखं काळंभोर चमकत असेल तर मी सावध होतो. नवा रंग चढवण्याआधी पॉलिश मारलेलं असतं; अक्षरं पुसट होतात, स्क्रूच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट होतात. स्क्रूच्या डोक्यावरची खाच ओरबाडलेली असली म्हणजे घरच्या घरी कोणीतरी हात साफ केलेला आहे, आणि आत काय काय निघेल सांगता येत नाही.

मग मुठीच्या पट्ट्या काढायच्या. खरी जन्मपत्रिका इथे असते. उजव्या कमरेला पिस्तूल लावणाऱ्याचा घाम डाव्या अंगाला लागतो. ती पट्टी उचलली की खाली तपकिरी भुकटी आणि धातूवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे. चामड्याच्या म्यानात वर्षानुवर्षं पडलेलं असेल तर हीच खोड नळीच्या अंगावरही दिसते. चामडं कमावताना वापरलेली रसायनं आणि पावसाळ्याची ओल, दोन्ही मिळून लोखंड खातात. वेब्लीच्या पिस्तुलात तर उजव्या पट्टीखाली स्लाइड परत पुढे ढकलणारी व्ही आकाराची स्प्रिंग असते. गंजानं तिला एक खड्डा पडला की ती कधी ना कधी तिथूनच तुटणार, आणि सुटा भाग बाजारात मिळत नाही. चाचा स्प्रिंगची पट्टी तासून, लाल करून, तेलात बुडवून, परत कमी तापावर तापवून नवी घडवायचे. त्यांचा मुलगा आता तेच करतो, पण फक्त ज्यात अर्थ आहे अशाच पिस्तुलासाठी.

नळी बघण्याआधी ती पुसायची. तेलानं भरलेली नळी सगळ्यांचीच छान दिसते. स्लाइड मागे अडकवून चेंबरपाशी पांढरा कागद धरला की उजेड आत जातो. रायफलिंगच्या, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार खाचांच्या, कडा स्पष्ट दिसल्या पाहिजेत. थोडेफार काळे ठिपके असले तरी संरक्षणासाठी ठेवलेलं पिस्तूल चालतं, हे मी घेणाऱ्याला स्वच्छ सांगतो. पण नळीच्या मधे कुठेतरी गडद कडं दिसलं तर ती फुगलेली आहे. कधीतरी गोळी आत अडकली आणि मागून दुसरी झाडली गेली, असा त्याचा अर्थ. तिथे आमचं उत्तर एकच: घेऊ नका.

गिऱ्हाइकाला सगळ्यात आवडते ती पेन्सिलची परीक्षा. रिकाम्या पिस्तुलाच्या नळीत मागे रबर असलेली बारीक गोल पेन्सिल रबराकडून सोडायची, तोंड वर छताकडे करायचं आणि चाप ओढायचा. पिन रबरावर आदळते आणि पेन्सिल उडते. जोरात उडाली तर पिन आणि तिची स्प्रिंग ठीक. नुसती उसळून परत बसली तर आत थिजलेलं तेल किंवा थकलेली स्प्रिंग. मग सेफ्टीची कळ लावून तेच. वॉल्थर पीपीमध्ये सेफ्टी खाली केली की घोडा (मागची हातोडी) खटकन पडतो, पण पेन्सिल जागची हलता कामा नये. हलली तर ते पिस्तूल घरात ठेवण्याच्याही लायकीचं नाही, दुरुस्त होईपर्यंत. घोडा चढवून अंगठ्यानं पुढे दाबतो, तोही सुटता कामा नये. ही परीक्षा घरी करू नका, आणि रिकाम्या पिस्तुलाचा चाप पोरांसमोर टकटक ओढत बसू नका. जुन्या पिना अशानं तुटतात.

ह्या बहुतेक .32 पिस्तुलांत नळी जागच्या जागी असते आणि स्लाइडचं वजन व स्प्रिंग मिळून धक्का सोसतात. स्प्रिंग मेली की स्लाइड मागे येऊन फ्रेमवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, आपटते. म्हणून तिथे भिंग लावून चीर शोधतो. स्लाइड बाजूला थोडी हलली तर घाबरायचं कारण नाही. चीर असली तर पिस्तुलाचं आयुष्य संपलं, मग ते कुठल्याही नावाचं असो. मॅगझिनचे ओठ वाकले असतील तर गोळी चेंबरकडे तिरकी जाते. मूळ मॅगझिन एकच असेल तर आम्ही चिठ्ठीत तसं लिहितो, कारण दुसरं मिळवता मिळवता घेणाऱ्याच्या नाकी नऊ येतात.

2019 च्या दुरुस्तीनं परवान्यावरची शस्त्रं तिनावरून दोनावर आणली आणि जास्तीचं जमा करायला वर्षाची मुदत दिली. तेव्हा आमच्याकडे कामाचा पूर आला. आजोबांचं कोणतं ठेवायचं आणि कोणतं सोडायचं ह्यावर आमच्या बाकड्यावर भावाभावांचे वाद झाले. बहुतेकांना दुनळी सोडवत नव्हती आणि पिस्तूल महाग म्हणून सोडायचं नव्हतं. उघडून दाखवल्यावर काहींचं पिस्तूलच निकाली निघालं.

निवडणूक आली की पुष्कळांना शस्त्रं जमा करावी लागतात. पोलीस ठाण्यात द्या किंवा परवानाधारक दुकानात, कायद्यात दोन्ही बसतं. पण देताना म्यानातून काढा, तेल लावा, जाड कागदात गुंडाळा आणि पावतीवर शस्त्राचा नंबर बघून घ्या. निकाल लागून गेले तरी पावसाळाभर शस्त्र न्यायला न येणारे पुष्कळ आहेत.

फोटो पाठवून "किती वर्षं जाईल" विचारलं तर आम्ही उत्तर देत नाही. तपासणीला येताना मूळ परवाना, असतील तितकी सगळी मॅगझिनं आणि जुनं म्यान घेऊन या. काडतुसं घरी कुलपात ठेवा. चिठ्ठी दुसऱ्या दिवशी दुपारी मिळते, आणि ती विकणाऱ्याला व घेणाऱ्याला एकसारखीच दिली जाते.