एका महिन्यामागचं सगळं

नवी पेठेत दुकान टाकून मला बावीस वर्षं झाली. आता दिवसभर फुटलेले डिस्प्ले आणि चार्जिंगचे जॅक. त्यात सांगण्यासारखं काही नाही. आपल्या सोलापुरात निम्म्या जॅकमध्ये टॉवेलचं सूतच अडकलेलं असतं. सुईनं काढलं की फोन चार्ज होतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, नुसती सुई घातली तर पन्नास रुपये कशाचे? पण गेल्या मे महिन्यातलं एक काम डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

भर दुपारी एक मालक आले. सत्तरीच्या पुढचे, घरात तेलुगू आणि बाहेर आपली सोलापुरी. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत त्यांचा टॉवेलचा कारखाना होता, चोवीस माग. शर्टाच्या खिशातून त्यांनी काढला तो पामटॉप, म्हणजे खिशात मावणारा छोटा कॉम्प्युटर. पाम थ्री-एक्सई, २००० सालचं मॉडेल. भाच्यानं अमेरिकेतून आणलेला. पहिला पाम ज्यानं काढला, तो जेफ हॉकिन्स आधी लाकडाचा ठोकळा खिशात घालून हिंडायचा म्हणे, आकार बरोबर बसतो का बघायला. मालकांच्या खिशाचा खालचा कोपरा झिजून जाळी झाला होता, त्यावरून बरोबर बसत असणार.

"सारखं बंद पडलालंय बघा. चालू होतंय, इंग्रजीत काय तर लिहितंय, परत तेच."

पडद्यावर 'फेटल एक्सेप्शन', म्हणजे प्रोग्राम कोलमडला, आणि त्याखाली 'रीसेट'. रीसेट दाबलं की कंपनीचं चित्र, आणि पुन्हा फेटल एक्सेप्शन.

आधी ते दुसरीकडे जाऊन आले होते. तिथला पोरगा म्हणाला, हार्ड रीसेट मारतो, दोन मिनिटांत नवाकोरा. मालकांनी यंत्र उचललं आणि बाहेर पडले. वाचले. कारण यात सगळा मजकूर रॅममध्ये, म्हणजे करंट गेला की कोरी होणाऱ्या मेमरीत असतो, आणि हार्ड रीसेट म्हणजे ती साफ. ८ एमबीची रॅम, आणि तिला जिवंत ठेवायला टीव्हीच्या रिमोटमधले असतात तसले दोन बारीक सेल. सेल काढले तर आतला कपॅसिटर जेमतेम मिनिटभर धरतो, तोही यंत्र नवं असताना. मालकांना हे समजावलं तर म्हणाले, "आमचं मागावरचं जकार्ड बरं की मग. पुठ्ठ्याला भोक पाडलं की पाडलं. कारखाना बंद असला तरी डिझाइन कुठं जातंय?" यावर मला उत्तर सुचलं नाही.

पाचला येतो म्हणून, घरचा नंबर देऊन ते गेले.

पामला तीन तऱ्हेचे रीसेट. मागच्या बारीक भोकात यू-पिन टोचली की साधा. वरचं स्क्रोल बटण दाबून धरून टोचली की वॉर्म. पॉवरचं बटण धरून टोचली की हार्ड, म्हणजे सगळं साफ. साध्या रीसेटनंतर यंत्र प्रत्येक प्रोग्रामला हाक मारून सांगतं की मी पुन्हा उठलोय, तुमचं तुम्ही आवरा. वॉर्ममध्ये ही हाकच मारत नाही. मी वॉर्म रीसेट दिला आणि पाम गुमान चालू झाला. म्हणजे बोर्ड शाबूत. हाक ऐकून उठणारा कोणीतरी एक धडपडत होता.

पण मेमरी बिघडली कशानं? बॅकलाइट लावून बघितला. क्षणभर हिरवा उजेड, आणि यंत्र बसलं. सेलचं झाकण काढलं तर स्प्रिंगवर पांढरी भुकटी. कधीतरी सेल गळला होता. सेलवर मीटर लावला तर २.७ व्होल्ट, ठीक. तेच बोर्डाच्या पट्टीवर, बॅकलाइट लावताना मोजले तर १.९. मधले व्होल्ट त्या गंजक्या स्प्रिंगमध्ये जिरत होते. प्रत्येक वेळी उजेड लावला की रॅमला धाप लागायची, आणि त्यातच कुठलीतरी नोंद अर्धवट लिहिली गेली असणार.

स्प्रिंग साफ करायला सेल काढावेच लागणार. बेंचवरचा पॉवर सप्लाय लावता आला असता, पण आमच्याकडे दुपारच्या लाइटवर भरवसा ठेवून दुसऱ्याची मेमरी टांगायची माझी छाती नाही. दोन नवे सेल प्लास्टिकच्या होल्डरात घातले आणि त्याच्या दोन वायरी बोर्डाच्या पट्ट्यांना सोल्डर केल्या. टेकवायच्या आधी सोल्डरिंग आयर्नचा प्लग काढून घेतला. गरम टोकातून लीकेज येतं, आणि इथं यंत्र जिवंत होतं. मग जुने सेल काढले. समोरच्या रसवंतीतून लिंबाची फोड आणली. अल्कलाइन सेलची भुकटी आंबटानं सुटते, नुसतं खरवडून काही होत नाही. कापसाच्या काडीनं लिंबू, मग आयपीए म्हणजे साफसफाईचं अल्कोहोल, मग स्प्रिंगला किंचित ताण. नवे सेल आत, वायरी बाहेर. बॅकलाइट लावला तर पट्टीवर २.९. हे काम मी परत करून दाखवीन, कोणालाही.

इथंच थांबलो असतो तर बरं झालं असतं.

करंट सुधारला तरी बिघडलेली नोंद आतच होती. पत्ते उघडत होते, मेमो उघडत होते. 'डेट बुक', म्हणजे तारीखवार डायरी, आजचं पान दाखवायचं, पण मागं मागं गेलं की एका ठिकाणी धाडकन बंद. साध्या रीसेटला तेच मरत होतं, कारण हाक ऐकल्यावर पुढचा गजर लावायला ते आपल्या नोंदी चाळतं. इन्फोमध्ये आकडा बघितला. डेट बुक, ३,९१४ नोंदी.

दुकानात विंडोज एक्सपीचा जुना कॉम्प्युटर ठेवलाय, नऊ पिनांच्या पोर्टसाठी. बायको त्याला भंगार म्हणते. पाम ठेवायचा पाळणा जोडला, हॉटसिंक लावलं, म्हणजे पाममधला मजकूर कॉम्प्युटरशी जुळवून घेणारा प्रोग्राम. डेट बुकपाशी अडकलं. सेटिंगमध्ये डेट बुकपुरतं 'काही करू नका' केलं आणि बाकीचे तीन उतरवले. पत्ते, मेमो, कामांची यादी, सगळं सुखरूप. साडेतीन वाजले होते.

भंगाराच्या ड्रॉवरमध्ये दुसरा एक पाम होता. दोन्ही समोरासमोर धरले की इन्फ्रारेडनं नोंद इकडून तिकडे जाते. पत्त्यांचा अख्खा गट एकदम पाठवता येतो, डेट बुकची मात्र एकेक नोंद. आजपासून पुढच्या नोंदी मोजल्या तर नऊ. विम्याचा हप्ता, डोळ्याची तारीख, एक लग्न. पाठवल्या.

मागच्या नोंदींतून थोडं फिरलो. "एल ७ बीम." "एल १२ मोटर, २ दिवस." "एल १९ दिला." सगळं इंग्रजी अक्षरांत, पामच्या त्या एकटाकी लिपीत लिहिलेलं, ज्यात 'ए'ला मधली आडवी दांडीच नसते. कुठला माग कधी बंद पडला, कधी विकला. मी मनात म्हणालो, कारखाना राहिला नाही, माग राहिले नाहीत, आता हे कोण वाचणार?

घरच्या नंबरवर फोन केला. वाजून वाजून थांबला. एकदाच केला, हे खरं सांगतो.

डेट बुकच्या मेनूत 'पर्ज' आहे. एक, दोन, तीन आठवडे किंवा एक महिना, यांच्यामागचं सगळं पुसायचं. याहून लांबची मुदत देताच येत नाही. खाली एक चौकोन असतो, कॉम्प्युटरवर प्रत ठेवायची का? त्यात टिक होती. टिक ठेवली तर नोंदी पुढच्या हॉटसिंकपर्यंत आतच राहणार, आणि हॉटसिंक पुन्हा तिथंच अडकणार, असा माझा हिशेब. टिक काढली. एक महिना निवडला. ओके.

साधा रीसेट दिला तर यंत्र झकास उठलं. हॉटसिंक एका दमात. बॅकलाइट दहादा लावला. इन्फोमध्ये डेट बुक, १३ नोंदी.

पाचला मालक आले. मी स्प्रिंगचं सांगितलं, लिंबाचं सांगितलं, खुशीत होतो. ते ऐकत ऐकत वरचं बटण दाबत होते, महिन्यामागून महिने. कोरी पानं.

"मागचं?"

सांगितलं. पुढच्या सगळ्या नोंदी आहेत, हेही सांगितलं.

"पुढचं काय, पोरगा फोनमध्ये घालून देतोय की," ते म्हणाले. "मी रोज मागचंच बघत बसत होतो."

चिडले असते तर मलाही काहीतरी बोलता आलं असतं. किती झाले विचारून त्यांनी तीनशे दिले. मी नको म्हणालो, मग घेतले.

पंधरा दिवसांनी जुळे सोलापूरचा एक पोरगा आला, डेटा रिकव्हरीची कामं करतो. सहज त्याला सांगितलं. त्यानं विचारलं, "काका, पायलट-लिंकनं फाईल तशीच का नाही ओढली?" लिनक्सवरचा जुना, फुकट प्रोग्राम. नोंदी वाचत बसत नाही, अख्खा डेटाबेस उचलून कॉम्प्युटरवर टाकतो, नोंद खराब असली तरी बहुतेक वेळा येते. मग खराब ओळ तिकडे सावकाश काढायची. ३,९१४ मधली कदाचित एकच.

"आधी कॉपी, मग रिपेअर," असंही म्हणाला. हे वाक्य मी स्वतः शिकाऊ पोरांना दहा वर्षं ऐकवतोय, ते त्याला सांगितलं नाही.

त्याच्याकडून एका जुन्या लॅपटॉपवर लिनक्स घालून घेतलं, यूएसबी ते सिरियलची वायर आणली. ड्रॉवरमधल्या पामवर करून बघितलं. सगळ्या फायली आल्या. त्यानंतर दुकानात दुसरा पाम आलेला नाही.