पेला तळापाशीच का फाटतो?

प्रेसशॉपमध्ये नव्याने आलेली मुलं मला हमखास विचारतात: शेवटी ट्रायल घेऊनच डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) बसवायची, तर फॉर्मिंगचं, म्हणजे पत्र्याला आकार देण्याचं, गणित शिकायचं कशाला? तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सांगतो.

डीप ड्रॉमध्ये, म्हणजे सपाट पत्रा पंचाने (दट्ट्याने) डायच्या भोकात ढकलून खोल पेला ओढताना, फाटलेला पेला हातात घ्या. चीर बहुतेक वेळा तळाच्या गोलाईच्या जरा वर, आडवी गेलेली असते. तिथे बॉल मायक्रोमीटर लावा. १ मिमीचा पत्रा चिरेपाशी पातळ झालाय, वरच्या काठाला उलट जाड. म्हणजे खरी झटापट काठाकडे चालते. मोठा परीघ लहान होताना तिथला पत्रा दाबला जातो. पण त्यासाठी लागणारी सगळी ओढ तळाजवळच्या भिंतीला सोसावी लागते, आणि तिथला पत्रा अजून फारसा कडक झालेलाच नसतो.

घर्षण शून्य धरून समीकरण मांडलं, तर एका ड्रॉसाठी ब्लँकचा, म्हणजे सुरुवातीच्या सपाट गोल तुकड्याचा, व्यास पंचाच्या व्यासाच्या जास्तीत जास्त २.७१८ पट येतो. नैसर्गिक लॉगरिदमचा पायाच तो! मला याचं अजूनही अप्रूप वाटतं. घर्षण आणि वाकवण्यात जाणारा जोर हिशेबात धरला की हा आकडा २ च्या आसपास उतरतो. १०० मिमीच्या पंचावर २५० मिमीचा ब्लँक एका ड्रॉमध्ये ओढायला निघालात, तर ट्रायलवर ट्रायल घेऊन नुसता पत्रा वाया जाईल.

पत्रा फाटला की सगळीकडे तेल फासतात. डाय आणि होल्डरच्या (ब्लँकचा काठ दाबून धरणाऱ्या रिंगच्या) बाजूला तेल हवंच. पंचाच्या बाजूचं घर्षण मात्र आपल्या फायद्याचं, कारण भिंतीवरचा काही भार ते उचलतं.

आणि सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे आर-व्हॅल्यू. पत्रा ओढताना तो रुंदीत किती आकसतो आणि जाडीत किती, याचं हे गुणोत्तर. ते १ च्या जितकं वर, तितका पत्रा पातळ व्हायला कमी राजी. जाडी तीच, कडकपणा तोच, तरी एक कॉईल (पत्र्याची गुंडाळी) छान ओढली जाते आणि दुसरी फाटते, त्यामागे अनेकदा हेच असतं. शिवाय रोलिंगच्या दिशेला, ४५ अंशांत आणि ९० अंशांत ही व्हॅल्यू वेगवेगळी येते, म्हणून पेल्याच्या काठाला कान फुटतात, म्हणजे काठ लाटेसारखा उंच-सखल होतो. पत्रा कायमचा आकार कधी बदलू लागतो हे सांगणारा, दिशेचा हा फरक धरणारा निकष ब्रिटिश गणितज्ञ रॉडनी हिल यांनी १९४८ मध्ये मांडला आणि सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये तो आजही असतो. म्हणून कॉईल मागवतानाच तिन्ही दिशांच्या आर-व्हॅल्यू मागून घ्या. सॉफ्टवेअरमधल्या आर-व्हॅल्यूच्या रकान्यात सगळीकडे १ ठेवून सिम्युलेशनचा रन मारलात, तर स्क्रीनवरच्या पेल्याला कान येणारच नाहीत, प्रेसवरच्या पेल्याला मात्र येतील.